लालात लाल

एक

चढाच्या तिसऱ्या वळणावर फिरत्या दवाखान्याची गाडी थांबली, तेव्हा आत डॉक्टरीणबाई होत्या, दिवस भरलेली एक पोर होती आणि बॉनेटखालून निघणारी पांढरी वाफ होती. पोरीला दुधाच्या टेम्पोतून खाली नेलं. बाळ सुखरूप झालं, चांगलं टाहो फोडत झालं. गाडी मात्र दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढत आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, वस्तादांनी रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकलं आणि झाकण पाव वळसा फिरवलं. गॅरेजमधले सगळे भोवती उभे होते. आत जास्वंदीच्या पाण्यासारखं लाल कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, दिसायला हवा होता. दिसलं ते तपकिरी होतं आणि धोब्याच्या खळीसारखं घट्ट होतं. वस्तादांनी स्क्रूड्रायव्हर घातला, तर तो खांबासारखा त्यात उभाच राहिला.

"हे कुणीतरी घातलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिकडे डावऱ्या उभा होता, डाव्या हातातला पाना उजव्या हातात आणि उजव्यातला डाव्यात करत. दोन महिन्यांपूर्वी याच गाडीचा फाटका पाइप त्याने बदलला होता. आणि त्यानंतर आठच दिवसांनी गाडीच्या ड्रायव्हरशी, म्हणजे मामांशी, त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "पुन्हा आवाज चढवलात ना मामा, तर गाडी चढावर कशी जाते तेच बघतो," असं तो भर चौकात म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले होते. आता हसायला कुणी तयार नव्हतं.

"आत एक लेकुरवाळी होऊ घातलेली पोर होती," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "शनिवारी संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांग. नाही सांगितलंस तर पुढे येऊ नकोस. आणि दुसरं गॅरेज बघीन म्हणशील, तर गाव केवढं आहे ते तुला माहीत आहे."

नेमकी तेव्हाच पाणीताई दारात आली. ही वस्तादांची लेक. गावच्या पाणीपुरवठ्यात पाणी तपासायची नोकरी करणारी. दर बुधवारी सात ठिकाणच्या नळांचं पाणी ती बाटल्यांत भरून नेई, आणि गॅरेजचा नळ त्यातला चौथा. नाव तिला होतं, पण गावाने ते कधीच बाजूला ठेवलं होतं. कुणाच्या विहिरीला वास आला, कुणाच्या हंड्यात गढूळ उतरलं, की माणसं म्हणत, पाणीताईला दाखवा.

तिने बाटली नळाखाली धरली आणि मान उंच करून रेडिएटरकडे बघितलं.

"बाबा, ते काय आहे?"

"घाण."

"कसली घाण?"

"घाणीची जात विचारायची नसते."

"आमच्याकडे तीच तर विचारतात," ती म्हणाली आणि चमचाभर घाण दुसऱ्या बाटलीत घेऊनसुद्धा मोकळी झाली.

"त्यात नाक खुपसू नकोस," वस्ताद म्हणाले. पण लेक कुणाची? नाक केव्हाच खुपसलेलं होतं.

फाटकापाशी डावऱ्या मागून धावत आला. धड श्वासही घेतला नव्हता त्याने. "ताई, वस्तादांच्या पायाची शपथ. मी काही घातलं नाही. घातलं ते लालच घातलं. लालात लाल."

ताईने बाटली उन्हात धरली. आत खालपासून वरपर्यंत कुठेही, औषधापुरतासुद्धा, लाल रंग नव्हता.

दोन

पाणी तपासणाऱ्याला एक सवय जडते. डोळ्यांनी दिसतं त्यावर तो लगेच विश्वास ठेवत नाही. स्वच्छ पाणी आजारी असू शकतं आणि गढूळ पाणी निरोगी असू शकतं. ताईच्या टेबलावर त्या दुपारी तपकिरी घाण अशी बसली होती, जशी नवी सून पाटावर बसते: बोलत काही नव्हती, पण सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे.

ताईने एक एक दार ठोठावलं.

तेल आहेस का तू? थेंबभर घाण कागदावर ठेवली. कागद ओला झाला, तेलकट पारदर्शक डाग पडला नाही. पाण्यावर सोडली तर तरंगली नाही, इंद्रधनुष्य उमटलं नाही. इंजिनचं तेल नव्हतं.

गंज आहेस का? वाळवून लोहचुंबक जवळ नेलं. चार दोन कण हलले, बाकी सगळं ढिम्म.

कुणी पीठ कालवलं असेल? आयोडीनचा थेंब टाकला. पीठ असतं तर निळं झालं असतं. नाही झालं.

तिच्या हाताखालची बाई हसली. "अहो ताई, साखर आहे का ते चाखून बघताय की काय आता?"

"कूलंट चाखायचं नसतं गं. गोडसर लागतं आणि मारतं. त्याचं झाकणसुद्धा पोराबाळांच्या हाती लागू द्यायचं नाही."

साखर असती तर घाण कोमट पाण्यात विरघळली असती. ही विरघळेना. धागे धरून बसली.

म्हणजे बाहेरून काही आलं नव्हतं. ताई कितीतरी वेळ त्या बाटलीकडे बघत राहिली. ही घाण कुणी आत टाकलेली नव्हती, आतच जन्मली होती. आणि जन्म म्हटला की दोघं लागतात.

मग तिचं लक्ष बाटलीच्या गळ्याकडे गेलं. रेडिएटरच्या तोंडाशी चिकटलेली एक पांढरी खपली चमच्याबरोबर आली होती. ही खपली तिने झोपेतही ओळखली असती. गावातल्या प्रत्येक किटलीच्या पोटात ती असते. जड पाण्याचा चुना.

गॅरेजमध्ये कूलंटला नळाचं पाणी कधीच लावत नाहीत, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. मग या गाडीत नळाचं पाणी ओतलं कुणी?

तीन

मामा दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते. गाडी नसलेला ड्रायव्हर म्हणजे घोडा नसलेला नवरदेव. बसायचं कुठे ते कळत नाही. ताईला बघताच ते उठले.

"मामा, रेडिएटरचं झाकण तुम्ही कधी उघडलं?"

"मी? छे छे. मी स्टिअरिंगचा माणूस. पोटातलं काम गॅरेजचं."

"बरं." ताई शेजारी बसली. "तुमच्या सीटखाली ती मोठी बाटली असते ना, ती कशाला?"

"प्यायला."

"तीन लिटर?"

"तहान लागते," मामा म्हणाले.

"आणि प्यायचं पाणी त्या बाटलीच्या तोंडावर तपकिरी डाग ठेवतं?"

मामांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. टोपीत उत्तर नव्हतं. "डावऱ्याला सांगणार नाहीस ना?"

"त्याची नोकरी जातेय मामा."

डावऱ्याशी भांडण होतं, पण वैर नव्हतं. भांडण म्हणजे काय, याने त्याला 'तुला ब्रेकमधलं काय कळतं' म्हणावं आणि त्याने याला 'तुम्हाला गाडीतलं काय कळतं' म्हणावं. ते दोघांनाही लागे, कारण दोन्ही थोडं थोडं खरं होतं.

"पाइप बदलून दहा दिवस झाले असतील," मामा म्हणाले. "काटा जरा वर सरकायला लागला. सकाळी गाडी गार असताना बाजूची टाकी बघितली, तर पाणी खाली गेलेलं. म्हणून बाटलीतलं ओतलं. नळाचं. असेल दीड-दोन तांबे."

"गॅरेजला का नाही गेलात?"

"तुझ्या बापाकडे जायचं आणि सांगायचं, काल ज्याने काम केलं त्याचं काम बघा म्हणून? त्यात मी नुकता भांडलेला. म्हटलं, पाणीच तर आहे. पाण्याने कुणाचं वाईट झालंय?"

ताईची सगळी नोकरी त्या प्रश्नाच्या उत्तरात गेली होती.

"मामा, नीट आठवून सांगा. तुम्ही पाणी ओतायच्या आधी टाकीत रंग कसला होता?"

मामांनी डोळे मिटले. "लाल नव्हता गं," ते हळूच म्हणाले. "आत्ता तू विचारलंस म्हणून. चहासारखा होता. आणि वर धागे धागे. मला वाटलं, सावली असेल."

ताई उठली. मामांच्या पाण्याच्या आधीच बिघाड सुरू झाला होता. म्हणजे पाइप बदलल्यापासून पहिल्या दहा दिवसांत. आणि त्या दहा दिवसांत बॉनेट उघडलं होतं एकाच माणसाने, आणि तो डाव्या हाताने काम करत होता.

चार

"किती ओतलंस?" तिने गुरुवारी डावऱ्याला विचारलं. तो गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते, आणि पायसुद्धा उदास दिसत होते.

"अडीच लिटर. पाइपातून अर्धं गळून गेलं होतं. उरलेलं तसंच ठेवलं आणि वर भरलं."

"उरलेलं काय होतं?"

"लाल."

"आणि भरलंस ते?"

पाय बाहेर सरकले, मग डावऱ्याही आला. "ताई, तुम्ही वस्तादांच्या घरात वाढलात आणि मला विचारता?"

खरंच होतं. त्या गॅरेजमध्ये कूलंटचा कॅन कामाच्या जागी कधी येत नसे. वस्तादांनी पंचवीस वर्षांपूर्वी दोन मोठ्या पत्र्याच्या किटल्या रंगवल्या होत्या. एका किटलीला हिरवा पट्टा, दुसरीला लाल. कॅन आत स्टोअरमध्ये राहत, स्टोअरवाले अण्णा किटली भरून खिडकीतून देत. तेव्हा निम्म्या कामगारांना वाचता येत नव्हतं. रंग मात्र सगळ्यांना कळत होता. आणि कुणी विसरू नये म्हणून वस्तादांनी ओळी जुळवल्या होत्या. नवा माणूस पाना धरायच्या आधी त्या शिके.

हिरव्यात हिरवं, लालात लाल,
रंगाला रंग, गाडी खुशाल.

ताईने त्या ओळी दोरीवरच्या उड्या मारताना म्हटल्या होत्या. पाळण्यातल्या बाहुलीला ऐकवल्या होत्या. त्या तिच्या जिभेला पाठ होत्या. डोक्याने त्यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

ती स्टोअरच्या खिडकीशी गेली. अण्णा चष्म्याच्या वरून बघत होते.

"अण्णा, लाल किटलीत लालच भरता ना?"

"नाही, सरबत भरतो."

"कॅन दाखवा ना."

"कॅन हा कॅन असतो. त्यात काय बघायचं? आणि स्टोअरमध्ये फक्त मी आणि वस्ताद." अण्णांनी खिडकीचं अर्धं दार ओढून घेतलं. एरवी ते दार कधी मिटत नसे. बिजागरी केवढ्याने तरी कुरकुरली.

"आमच्याकडे एक जण होते," ताई उरलेल्या अर्ध्या खिडकीला म्हणाली. "तेही म्हणायचे, पिंप हे पिंप असतं, त्यात काय बघायचं. एक दिवस दोन पिंपांची अदलाबदल झाली. सगळी गल्ली आठ दिवस नाकाला पदर लावून पाणी पीत होती. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं हो. फक्त बघितलं नव्हतं."

मग कडी निघाली.

मागच्या फळीवर दोन कॅन होते. एक जवळपास रिकामा, अंगावर धूळ. दुसरा नवा, अर्धा. अण्णांनी दोन्हींतलं थोडं थोडं दोन काचेच्या पेल्यांत ओतून खिडकीत ठेवलं. दोन्ही लाल. जुळ्या बहिणी. कुणी पेले इकडचे तिकडे केले असते, तर अण्णांनाही सांगता आलं नसतं.

"बघितलंस? लाल ते लाल."

"मग दार का मिटलंत?"

अण्णांचा आवाज बसला. "जुना दुकानदार दुकान बंद करून गेला. तो द्यायचा ते आता इथे मिळत नाही. नव्याकडून हे आणलं. पण मी आपल्या मनाने नाही घेतलं ताई. विचारून घेतलं."

"कुणाला?"

अण्णांनी दोन्ही पेले तिच्याकडे सरकवले. "आधी तपास," ते म्हणाले. "काही निघालं नाही, तर मला ते नाव घ्यायला लावू नकोस."

पाच

गढूळ पाण्यात तुरटी किती घालायची हे ठरवायला पाणीपुरवठ्यात सहा काचेची भांडी एका ओळीत मांडतात. प्रत्येकात थोडा थोडा फरक करतात, ढवळतात आणि वाट बघतात. मग पाणीच सांगतं, मला काय मानवलं. या कामात घाई चालत नाही. माणूस खुर्चीवर बसून भांड्यांकडे बघत राहतो, आणि बाहेरून येणाऱ्याला वाटतं, सरकारी पगार फुकट जातोय.

शुक्रवारी ताईने तीच सहा भांडी मांडली.

पहिल्यात नुसतं जुनं लाल. दुसऱ्यात नुसतं नवं लाल. तिसऱ्यात जुनं लाल आणि नळाचं पाणी. चौथ्यात नवं लाल आणि नळाचं पाणी. पाचव्यात जुनं आणि नवं, अर्धं अर्धं. सहाव्यात जुनं, नवं आणि मामांचा तांबा. सगळी गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात उभी केली, कारण गाडीच्या पोटात काही गारवा नसतो.

तासाभरात काही झालं नाही. दोन तासांत काही झालं नाही. हाताखालची बाई म्हणाली, "ताई, लालच आहेत सगळी. घरी जाऊ या."

"तू जा."

तिसऱ्या तासाला चौथं भांडं जरासं धुरकटलं. पाचव्याच्या तळाशी काहीतरी हललं. ताई वाकली. लालाच्या आत एक तपकिरी धागा, मग दुसरा, जशी कुणी आतल्या आत सुतकताई मांडली असावी. दिवस कलेपर्यंत पाचवं भांडं चहासारखं झालं. आणि सहाव्यात तिने काचेची कांडी घातली, तर ती उभीच राहिली.

पहिली दोन भांडी अजून तशीच होती. लखलखीत. एकटी असताना दोघीही गुणी होत्या.

तिने अण्णांकडून आणलेली दोन्ही कॅनची लेबलं काढून दिव्याखाली धरली. अक्षरं मुंगीएवढी. नव्यावर लिहिलं होतं, सिलिकेट असलेलं, दोन वर्षांनी बदला. जुन्यावर लिहिलं होतं, सिलिकेट नाही, पाच वर्षं टिकेल, दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मिसळू नये. रंगाबद्दल दोन्हींवर एक अक्षर नव्हतं. रंग नुसता रंग होता. कारखानदाराला आवडला म्हणून घातलेला, कपाळावरच्या टिकलीसारखा. टिकलीच्या रंगावरून कुणी माहेर सांगतं का?

शनिवारी सकाळी ती सहावं भांडं घेऊन अण्णांच्या खिडकीत उभी राहिली. अण्णांनी भांडं तिरकं केलं. आतलं हललं नाही.

"आता सांगा, अण्णा. विचारलंत कुणाला?"

"वस्तादांना," अण्णा म्हणाले. "कॅन त्यांच्यासमोर धरला. लेबल वाचून दाखवू का म्हटलं. ते गाडीत वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, रंग कोणता? मी म्हटलं, लाल. म्हणाले, मग काय विचारतोस, लालात लाल."

सहा

वस्ताद मागच्या अंगणात हात धूत होते. ताईने पाचवं आणि सहावं भांडं दगडावर ठेवलं, आणि सगळं सांगितलं. घाई केली नाही, काही गाळलं नाही.

वस्ताद ऐकत गेले आणि त्यांच्या मानेची शीर ताठत गेली.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं त्या ओळींवर हे गॅरेज चाललंय. एक गाडी दाखव मला बिघडलेली."

"पुढेच उभी आहे बाबा."

"डावऱ्याला वाचवायचंय म्हणून बापाला उभं करतेस?"

हे लागलं. ताईने पाचवं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "तुम्ही ओळी केल्यात तेव्हा बाजारात दोनच जाती होत्या. एक हिरवी, एक लाल. तेव्हा ते खरं होतं. आता कुठल्याही जातीला कुठलाही रंग देतात. गाडीला काय मानवतं ते तिच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. कॅनवर असतं. दोन्ही जुळवून बघायचं, एवढंच. रंग बघायचा तो गळती कुठे आहे ते कळायला."

"भांड्यात तू काय कालवलंस ते मला काय माहीत?"

"मग तुम्ही कालवा."

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं. मग ते स्टोअरमध्ये गेले. दोन्ही कॅन स्वतः घेऊन आले, स्वच्छ पातेलं स्वतः घासलं, स्वतःच्या हाताने दोन्ही लाल ओतली आणि स्टोव्हवर मंद आचेवर ठेवली. स्टोव्ह उघड्यावरच ठेवला, वाफ नाकात जाऊ नये म्हणून. आणि स्टूल ओढून बसले. ताई दुसऱ्या बाजूला बसली. बाप-लेक असे यापूर्वी कधी बसले होते, ते तिला आठवेना. मध्ये एक पातेलं, आणि दोघांची एकच उत्सुकता. तीच तर तिने त्यांच्याकडून उचलली होती: आत काय चाललंय, ते बघितल्याशिवाय चैन न पडणं.

दुपार उतरायला लागली. वस्तादांनी चमचा बुडवला, वर काढला. चमच्याला तपकिरी धागा लोंबत होता. त्यांनी तो बोटांत धरला, चुरगळला, वासही घेतला. चेहऱ्यावर आधी राग नव्हता की दुःख नव्हतं. नुसतं नवल होतं, चाळीस वर्षं ओळखीच्या इंजिनाने अचानक वेगळाच आवाज काढावा तसं.

मग ते नवल विझलं.

"त्या पोरीचं बाळ बरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे. मामांनी गाडी लगेच थांबवली म्हणून. इंजिनचं हेडसुद्धा बहुतेक वाचेल."

"नवा कॅन आल्यापासून किती गाड्या गेल्या, लाल किटलीच्या?"

हा प्रश्न ताईला सुचलाच नव्हता. अण्णांनी कामाच्या चिठ्ठ्या काढल्या. ज्यांच्यात जुनं लाल होतं आणि वरून नवं लाल गेलं, अशा सात निघाल्या. सातही अजून चालत होत्या, कुणाच्या दारात, कुणाच्या चढावर.

वस्ताद उठले. पुढे मालकीणबाईंच्या टेबलाशी डावऱ्या मान खाली घालून उभा होता. संध्याकाळ झाली होती आणि त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं.

"त्याला काही विचारू नका," वस्ताद म्हणाले. "मी केलंय ते."

मालकीणबाई कसनुशा हसल्या. "वस्ताद, तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला माहीत आहे. पण दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेऊ नका."

वस्तादांनी पातेलं त्यांच्या कागदांवर ठेवलं. "हे माझ्या हातचं आहे. आज दुपारी शिजवलंय. तो जे शिकला तेच त्याने केलं, आणि शिकवलं मी. अण्णाने विचारलं तेव्हा मी मान वर केली नाही. काढायचंच असेल कुणाला, तर मला काढा."

मालकीणबाईंनी पातेल्यात बघितलं, वस्तादांकडे बघितलं. "तुम्हाला काढून मी गॅरेज कशावर चालवू?" त्या म्हणाल्या. मग डावऱ्याकडे वळल्या, आणि हे त्यांना जड गेलं. "चुकले रे. सोमवारी ये वेळेवर."

"सोमवारी कशाला?" डावऱ्याचे डोळे भरले होते, पण हात केव्हाच पान्याकडे गेला होता. "सात गाड्या बाहेर फिरताहेत ना?"

त्याने चिठ्ठ्या घेतल्या आणि प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते विचारायला अण्णांना फोनला बसवलं. वस्तादांनी त्याला अडवलं नाही. फक्त म्हणाले, "मला वाचून दाखव. सगळं. लहान अक्षरातलंसुद्धा."

पहिलं दार निवृत्त हेडमास्तरांचं होतं. दिवे लागायची वेळ. ते नुकतेच कुठूनसे आले होते, गाडीचं इंजिन अजून गुरगुरत होतं. त्या गावात वस्ताद कुणाच्या दारी गेले आहेत, असं कुणी बघितलं नव्हतं. गाड्याच त्यांच्या दारी येत.

"वस्ताद! आमच्या अंगणात?" मास्तर गाडीच्या खिडकीतून म्हणाले. "अहो, उत्तम चालतेय गाडी. तुमचीच कृपा."

"चालतेय तोवर आलो, मास्तर." वस्तादांनी हात मागे बांधले, वर्गात उभं राहावं तसे. "चुकलंय माझं. बंद करा ती."

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. डावऱ्या बॉनेटकडे निघाला, तर वस्तादांनी त्याला खुणेने थांबवलं.

"आत्ता नाही. तापलंय. गार होऊ दे," ते म्हणाले आणि पायरीवरची धूळ हाताने झटकून बसले. "आम्ही थांबतो."